लाइन गेली रे बाप्पा! जनरेटरच्या तेवीस गमती

वाशीमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. मे महिन्यातली संध्याकाळ, अचानक वावधन सुटतं, कुठेतरी तारेला तार घासते आणि डोक्यावरचा पंखा तीन गिरक्या घेऊन थांबतो. गल्लीतली पोरं एका सुरात ओरडतात, "गेली!" काय गेली, हे कोणी विचारत नाही.

दोन मिनिटांत एका दुकानासमोर भुर्रर्र आवाज होतो आणि उजेड पडतो. शेजारच्या दुकानात मात्र मालक जनरेटरची रस्सी ओढतोय. एकदा, दोनदा, आठदा. घामाघूम झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून म्हणतो, "परवापरवा तं चांगलं होतं!" चौकशी केली की कळतं, त्याचं परवा म्हणजे गेली दिवाळी.

या यंत्राचा स्वभाव त्या एका वाक्यात आला. बैल कामानं थकतो, माणूस कामानं थकतो. जनरेटर मात्र कामानं मरत नाही, आरामानं मरतो. असं का, ते त्याच्या पोटात डोकावल्यावर कळतं.

1. जननीच्या गोतातला

महावितरणच्या कागदावर ट्रान्सफॉर्मर म्हणजे 'रोहित्र' आणि जनरेटर म्हणजे 'जनित्र'. गावात मात्र रोहित्राला 'डीपी' म्हणतात आणि जनित्राला जनरेटर. गंमत अशी की हे दोन्ही शब्द एकाच घरातले. जनित्र आलं संस्कृत 'जन्' धातूवरून, जन्म आणि जननी आले तिथूनच. जनरेटर आला लॅटिनमधून, पण भाषेचे अभ्यासक या दोन्ही शब्दांचं मूळ एकच मानतात. म्हणजे जनरेटर हा परका पाहुणा नव्हेच, हजारो वर्षांपूर्वी दूरदेशी गेलेला भाऊबंद आहे.

2. सायकलवरचा धाकटा भाऊ

सायकलच्या टायरला घासून दिवा लावणारा डायनॅमो आठवतो? तोही जनरेटरच. मायकेल फॅरेडेनं 1831 साली दाखवलं, की चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हलतं ठेवलं की तारेत वीज वाहते. सायकलला चुंबक फिरवायचे तुमचे पाय, जनरेटरमध्ये तेच काम इंजिन करतं. डायनॅमो टायरला लावताच पायडल जड व्हायचं, तेही आठवत असेल. जनरेटरचंही तसंच आहे. घरात मिक्सर लावला की बाहेर इंजिनाचा आवाज घोगरा होतो. वीज फुकट मिळत नाही, कोणाला तरी पायडल मारावंच लागतं.

3. सेकंदाला पन्नास हेलकावे

आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. ती लय जुळवायला छोटा पेट्रोल जनरेटर मिनिटाला 3000 फेऱ्या मारतो. मोठ्या डिझेल सेटमध्ये चुंबकाचे ध्रुव दोनाऐवजी चार असतात, म्हणून त्याला 1500 फेऱ्या पुरतात. म्हणूनच छोटा किरकिरतो आणि मोठा घुमतो. आणखी एक जात आहे, इन्व्हर्टर जनरेटर. तो आधी वीज सरळ करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून पुन्हा पन्नासाच्या लयीत आणतो. त्यामुळे लोड कमी असला की त्याचं इंजिन हळू चालू शकतं, आवाजही कमी होतो आणि पेट्रोलही वाचतं.

4. लोखंडाची आठवण

वीज तयार करायला चुंबक लागतं. बऱ्याच जनरेटरमध्ये हे चुंबकत्व विजेनंच आणतात. मग पहिल्यांदा वीज येते कुठून? अंडं आधी की कोंबडी? उत्तर लोखंडात आहे. गेल्या वेळी मशीन चालली तेव्हाचं थोडंसं चुंबकत्व लोखंडात शिल्लक राहतं. तेवढ्या आठवणीवर पहिली चिमूटभर वीज निघते, तिनं चुंबक वाढतं, चुंबकानं वीज वाढते. पण मशीन फार दिवस पडून राहिली की लोखंड विसरतं. इंजिन फिरतं, व्होल्टेज शून्य! मग मिस्त्री बॅटरीचा हलका झटका देऊन लोखंडाला जुनी ओळख पटवून देतो. आरामानं पहिली जाते ती स्मरणशक्ती.

5. काडी न लावता पेटणारं

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तीच युक्ती. डिझेल इंजिन हवेला मूळच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतं. ती हवा इतकी तापते की डिझेलचा फवारा पडताच आपोआप पेट घेतो. म्हणूनच डिझेल इंजिन दणकट आणि वजनदार असतं. एवढा दाब पेलायला अंगात दम हवा.

6. शेंगदाण्याच्या तेलावर

रुडॉल्फ डिझेल यांचं पहिलं यशस्वी इंजिन 1897 साली जर्मनीत चाललं. तीन वर्षांनी, 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात, अशाच एका छोट्या इंजिनाला चक्क शेंगदाण्याचं तेल पाजण्यात आलं आणि ते सुरळीत धावलं. वऱ्हाडी ठेच्यावर पडणारं तेल इंजिनाच्या पोटात! डिझेल यांचा शेवट मात्र गूढच राहिला. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री ते इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसे झाले. आज शंभराहून अधिक वर्षांनी त्यांच्या नावाचा भाव मात्र रोज सकाळी पेट्रोलपंपावर झळकतो. (शेंगदाणा तेलाचा प्रयोग तुम्ही करू नका. आजची इंजिनं तेवढी सोशिक राहिलेली नाहीत, आणि तेलाचा भावही.)

7. पत्ता पुण्याचा

जनरेटरच्या बाबतीत महाराष्ट्र म्हणजे माहेरच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. पुढच्या पिढीनं 1946 साली पुण्याजवळ खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी केली. 1962 साली कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना आला, तीच आजची कमिन्स इंडिया. विहिरीवर पाणी उपसणारं इंजिन आणि दवाखान्यामागे उभा असलेला सेट, दोघांच्या अंगावर पुण्याचा पत्ता दिसला तर नवल नाही.

याच पुण्यात 2006 साली एक गमतीदार उलटापालट झाली. राज्यभर भारनियमन होतं. तेव्हा पुण्यातल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवले, आणि त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळाली. जादा खर्चापोटी ग्राहकांनी थोडा जादा आकार भरला. 'पुणे मॉडेल' म्हणून ते गाजलं. एरवी जनरेटर मालकाच्या घरी उजेड पाडतो. तिथे तो शेजाऱ्याच्या घरी पाडत होता.

8. एका लिटरचा हिशेब

एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. त्यातून हाती वीज येते सुमारे तीन युनिट, फार तर चार. बाकीची सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगातून उष्णता होऊन उडून जाते. छोट्या पेट्रोल जनरेटरचा हिशेब तर याहूनही पातळ. डिझेल नव्वद रुपये लिटर धरलं, तर घरची वीज तीस रुपये युनिट पडली. महावितरणचं बिल पाहून कपाळावर हात मारणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

9. केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे

दुकानदार म्हणतो, "पाच केव्हीएचा घ्या." तुम्हाला वाटतं, पाच किलोवॅट. पण बहुतेक डिझेल सेटवर बारीक अक्षरात 0.8 हा आकडा छापलेला असतो. पाचाला आठ दशांशानं गुणा, उरले चार किलोवॅट. बाजार समितीत पोत्यासकट वजन आणि निव्वळ सोयाबीन यांच्यात जो फरक, तोच इथे. घेताना पाटी वाचा, आणि सलग किती आणि थोड्या वेळापुरते किती, हे दोन आकडे वेगळे विचारा.

10. मोटर आधी, बल्ब नंतर

एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. मग एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर एक किलोवॅटच्या जनरेटरवर चालायला हवी. पण चालत नाही. थांबलेली मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट वीज मागते. बसलेली म्हैस उठवताना जोर लागतो. एकदा उठली की आपली चालते. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी सगळ्यात मोठी मोटर, मग फ्रिज, शेवटी पंखे आणि दिवे. उलट केलंत तर मोटर सुरू होताना दिवे मान टाकतील आणि टीव्ही रुसून बसेल.

फ्रिजसाठी घाई तर मुळीच नको. दार उघडलं नाही तर फ्रिज चार तास गार राहतो. लाइन गेल्यावर फ्रिजचा खरा शत्रू भारनियमन नसतं, दर दहा मिनिटांनी "काही खराब झालं का" म्हणून दार उघडणारा हात असतो.

11. इन्व्हर्टर मोठा की जनरेटर?

घरोघरी दिसतो तो इन्व्हर्टर. तो वीज तयार करत नाही, साठवलेली परत देतो. म्हणजे इन्व्हर्टर हा रांजण आणि जनरेटर ही विहीर. 12 व्होल्ट, 150 एएच बॅटरीत कागदावर 1.8 युनिट मावतात. दोन पंखे आणि चार एलईडी दिवे लावले तर हिशेबानं नऊ तास, पण गळती धरून सहा-सात. रात्र निघते. पण मोटर, मिक्सर, कूलर, पिठाची गिरणी आली की रांजण आटतो. दोन्ही असतील तर दिव्यांना रांजण आणि मोटरला विहीर, अशी वाटणी करा. आणि दोघांनाही एकाच वेळी घरभर जोडू नका.

12. डीपी उलटीही चालते!

ही गंमत अंगावर काटा आणणारी. डीपी 11,000 व्होल्टचे आपल्या कामाचे 230 करते. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. कोणी हुशारी करून जनरेटरची वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसली, तर ती वीज मीटरमधून बाहेर निघून डीपीत शिरू शकते आणि पलीकडे पुन्हा हजारो व्होल्ट होऊ शकतात. त्या वेळी खांबावर लाइनमन असतो, तोही लाइन बंद आहे या भरवशावर. म्हणून चेंजओव्हर स्विच हवाच. त्याची करामत साधी आहे: एक तर महावितरण, नाहीतर जनरेटर, दोघांची गाठ कधी पडू द्यायची नाही. तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या.

13. ज्याला वास नाही

धूर नाकाला झोंबतो म्हणून आपण त्याच्यापासून दूर होतो. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास देतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आवडीनं चिकटतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. "दुकानाचं शटर अर्धं उघडं आहे की" हे पुरेसं नाही. जिना, व्हरांडा, गोठा, बंद गच्ची, यातलं काहीच चालत नाही. जनरेटर उघड्यावर, घरापासून वीसेक फूट लांब, आणि सायलेन्सरचं तोंड खिडकीकडे नको. डोकं जड वाटलं तर आधी माणसं बाहेर, मग चौकशी.

14. पेट्रोलही शिळं होतं

भाकरीसारखंच. टाकीत महिनोन् महिने पडलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे चिकट राळ उरते, आणि कार्बोरेटरची केसासारखी बारीक छिद्रं बुजतात. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळा संपेपर्यंत टाकीच्या तळाशी काय जमा झालं असेल, कल्पना करा. आठव्यांदा रस्सी ओढणाऱ्या मालकाच्या घामाचं कारण बहुतेकदा हेच. उपाय: महिनाभराहून अधिक काळ मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं संपू द्या.

15. डिझेलमधले भाडेकरू

डिझेल पेट्रोलइतकं लवकर शिळं होत नाही, पण त्यात भाडेकरू राहायला येतात! अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या भिंतींवर दव धरतं, पाणी खाली बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर जिवाणू आणि बुरशी वस्ती करतात. डिझेल हेच त्यांचं जेवण. मग फिल्टरमध्ये काळा, शेवाळासारखा चोथा सापडतो. म्हणून डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, आणि फिल्टरखालचा स्क्रू सैल करून अधूनमधून साचलेलं पाणी काढून टाकावं.

16. हलकं काम सोसवत नाही

"मशीन नवीन आहे, जास्त ताण नको" म्हणून पंचवीस केव्हीएच्या डिझेल सेटवर चार दिवे लावणारे असतात. माया चांगली, पण उलटी लागते. लोड फारच कमी असला की इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी ठिबकतं. निदान तीस टक्के लोड तरी द्यावा. वापरणार चार दिवे असतील तर घ्यावाही छोटाच.

17. कुंभारीण, उंदीर आणि पाल

बंद मशीन म्हणजे गावातल्या बेघरांना आयतं घर. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात किंवा टाकीच्या झाकणाच्या बारीक भोकात मातीचं घरटं बांधते. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही, आणि मशीन सुरू होऊन पाच मिनिटांत दम तोडते. उंदराला वायरचं आवरण आवडतं. पाल स्विचच्या डब्यात उबेला बसते. सुरू करण्याआधी मशीनभोवती एक प्रदक्षिणा घाला. टॉर्च आणि डोळे, दोन्ही वापरा.

18. काळ्या मातीला तहान लागते

पावसाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती ओली असते. आपली काळी कसदार माती उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती सुकली की वीज जमिनीत उतरायला वाट मिळत नाही, आणि मशीनच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येऊ शकतात. म्हणून मीठ-कोळसा घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता. तुळशीला पाणी घालताना याची आठवण ठेवली की झालं.

19. उन्हात मशीनलाही ग्लानी येते

अल्टरनेटरची क्षमता साधारण 40 अंश तापमान धरून ठरवलेली असते. विदर्भाचा मे त्याच्या पुढे निघून जातो. गरम हवा विरळ असते, इंजिनाला श्वास कमी पडतो, ताकद घटते. म्हणून मशीनवर सावली हवी, पण चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळून नव्हे. वर छप्पर, बाजूंनी मोकळं. शेतातल्या मांडवासारखं.

20. ऊन आहे, सोलर आहे, तरी अंधार

पीएम सूर्यघर योजना 2024 मध्ये आली आणि घरांच्या छपरांवर सोलरच्या पाट्या चढू लागल्या. मग पहिल्यांदा भरदुपारी लाइन गेली, तेव्हा मालकाला धक्का बसला: डोक्यावर रणरणतं ऊन, छपरावर सोलर, आणि घरात पंखा बंद! बिघाड नाही. ग्रिडला जोडलेला सोलर लाइन जाताच स्वतःहून थांबतो. कारण तेच, बाराव्या गमतीतलं: खांबावर लाइनमन आहे. सोलरला ही अक्कल कारखान्यातच शिकवलेली असते. जनरेटरला ती नसते. ती आपल्याला ठेवावी लागते.

21. ट्रॅक्टर, रेल्वे आणि वरात

ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा असतो, पीटीओ, तो मिनिटाला 540 फेऱ्या मारतो. गिअर लावून त्याच्या पंधराशे केल्या की ट्रॅक्टर झाला जनरेटर. सकाळी रोटाव्हेटर, रात्री लग्नाचा मांडव!

याहून मोठा नमुना वाशीम स्टेशनवरून वर्षानुवर्षं गेला. पूर्णा-अकोला मार्गावर धावलेलं डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नसे. पोटातलं डिझेल इंजिन वीज करायचं आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटरी फिरायच्या. म्हणजे तो रुळांवर धावणारा जनरेटरच. आणि वरातीत दिव्यांच्या माळांमागून ढकलला जाणारा गाडा? त्याचा धाकटा चुलतभाऊ. फरक एवढाच, की याच्यापुढे लोक नाचतात.

22. थोरामोठ्यांची फजिती

लाइन फक्त खेड्यात जाते असं नाही. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई अंधारली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि रुग्णालयांच्या जनरेटरना डिझेल कमी पडू देऊ नका, अशी धावपळ उडाली. वीजकेंद्रांनाही हा आजार आहे: बंद पडलेलं औष्णिक केंद्र पुन्हा सुरू करायला आधी बाहेरून वीज लागते. वीज करायला वीज! तुमच्या घरचा बटणावर सुरू होणारा सेटही तसाच. त्याला उठवायला बॅटरी लागते, आणि सेट सुरू होत नाही तेव्हा पुष्कळदा इंजिन निर्दोष असतं, गुन्हेगार असते ती बॅटरी.

सगळ्यात मोठा धडा जपानचा. 11 मार्च 2011 ला फुकुशिमाच्या अणुकेंद्रात भूकंपानंतर जनरेटर शहाण्यासारखे सुरू झाले. मग त्सुनामी आली आणि खालच्या मजल्यांवर ठेवलेले बहुतेक सगळे बुडाले. हवेनं थंड होणारा एक तेवढा चालू राहिला, आणि त्यानं दोन अणुभट्ट्या सावरल्या. अनसिंगला त्सुनामी येणार नाही, पण जुलैत अंगणात गुडघाभर पाणी येतं. मशीनखाली त्याहून उंच ओटा बांधा.

23. आवाजाला कायदा, धुराड्याला सूत्र

डब्यातल्या, म्हणजे आवाजबंद पेटीतल्या डिझेल सेटचा आवाज एक मीटरवर 75 डेसिबलच्या आत हवा, असा नियम आहे. डेसिबलचा हिशेब फसवा असतो: 75 चे 85 झाले की ध्वनीची ऊर्जा दहा पट होते. धुराड्याची उंची तर चक्क वर्गमुळानं ठरते. केव्हीएचं वर्गमूळ काढा, 0.2 नं गुणा, तेवढे मीटर इमारतीच्या वर. 25 केव्हीएला एक मीटर, 100 केव्हीएला दोन. "वर्गमूळ शिकून पुढे काय उपयोग?" असं विचारणाऱ्या पोराला हे उत्तर द्या.

चौकट: जनरेटरचा पोळा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. वर्षभर राबलेल्याची ती सेवा. जनरेटरची सेवा मात्र तो राबला नाही तरी करायची.

*दर वेळी:* सपाट जागेवर ठेवून ऑइल बघा. काही मशीन ऑइल कमी असलं की सुरूच होत नाहीत. तो बिघाड नव्हे, शहाणपण. बिनलोड सुरू करा, दोन-तीन मिनिटांनी लोड द्या. बंद करताना उलट: आधी लोड काढा, दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्या, मग बंद. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल कधीही ओतू नका.

*नव्या छोट्या मशीनला:* पहिलं ऑइल साधारण 20 तासांनी बदला. नवे सुटे भाग एकमेकांना घासून बसतात, त्याचा चुरा त्यात असतो.

*पुढे:* दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला. 100 तास थोडे वाटतात? ताशी पन्नासच्या वेगानं गाडी चालवली असती तर पाच हजार किलोमीटर झाले असते. मोठ्या डिझेल सेटचे आकडे वेगळे, त्याची पुस्तिका बघा.

*एअर फिल्टर:* सोयाबीनच्या मळणीत हवेत भुसा असतो. तेव्हा पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा लवकर साफ करा.

*प्लग:* दोन टोकांमधलं अंतर 0.7 ते 0.8 मिलिमीटर. काजळी पुसा.

*बॅटरी:* पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 दाखवते. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नाही. टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा.

*लांब मुक्कामाला ठेवताना:* रस्सी हळू ओढत जा आणि घट्ट लागली की थांबा. त्या ठिकाणी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा आत जात नाही. म्हणजे मशीन तोंड मिटून झोपते.

आणि तिथी?

आता राहिला एकच प्रश्न. एवढं सगळं ठीक, पण मशीन आरामानं मरू नये म्हणून ती महिन्यातून एकदा अर्धा तास चालवायला हवी, हे लक्षात कसं ठेवायचं? मोबाइलचा अलार्म आपण बंद करून झोपतो, भिंतीवरची चिठ्ठी पिवळी पडते. पण एक तिथी घरात कोणीच विसरत नाही, कारण त्या दिवशी कोणीतरी उपाशी असतं.

संकष्टी चतुर्थी. वर्षात बारा, अधिक महिना आला की तेरा. संध्याकाळी सगळे चंद्राची वाट बघत अंगणात असतातच. मोदक वाफेवर ठेवा, मशीन बाहेर काढा, मोटर आणि पंखे जोडून अर्धा तास चालू द्या. ताजं पेट्रोल कार्बोरेटरमधून जाईल, बॅटरी भरेल, लोखंडाची आठवण ताजी होईल, कुंभारणीला नवीन पत्ता शोधावा लागेल. चंद्र उगवला की मशीन बंद करा आणि जेवायला बसा. संकट हरण करणाऱ्याच्याच दिवशी हे काम झालं, तर त्याचीही तक्रार नसावी.

मग मे महिन्यात वावधन सुटेल, पंखा तीन गिरक्या घेऊन थांबेल, पोरं ओरडतील, "गेली!" तुम्ही एकदाच रस्सी ओढाल आणि उजेड पडेल. शेजारी विचारेल, एवढ्या लवकर कशी सुरू झाली? तेव्हा बिनधास्त सांगा, "परवाच चालवून पाहिली होती." या वेळी ते परवा गेल्या दिवाळीचं नसेल, गेल्या चतुर्थीचं असेल.